तिझनितची चांदीची कासवं

अगादीरहून दक्षिणेला साधारण ९० किलोमीटर, बसने दोनेक तास, की तिझनित येतं. मोरोक्कोतल्या अमाझिग, म्हणजे बर्बर लोकांच्या, चांदीकामाचं हे माहेरघर. मी गेले होते प्राण्यांच्या आकाराच्या ताइतांसाठी.

तटबंदीच्या आत सराफ बाजार आहे. तिथे पहिल्यांदा हातात घेतलं ते कासव. तळहाताएवढं, पाठ फुगीर, तिच्यावर हिरवा-पिवळा मिना, मधोमध लाल काच आणि कडेला चार चिमुकले पाय. उलटं केलं तर मागे जाड टाचणी! हे कासव म्हणजे तिझेर्झाई. न शिवलेलं वस्त्र दोन्ही खांद्यांवर अडकवायची अशी जोडी असते आणि मध्ये साखळी. वस्त्रही सांभाळायचं आणि दृष्टही अडवायची. आपण देवळात कासवाला नमस्कार करून पुढे जातो, इथल्या बायका ते खांद्यावर घेऊन वावरत. मला ही कल्पना फार भावली.

पाली-सरड्यांच्या आकाराची पदकं, सापाच्या तोंडाची कडीही दिसतात. मासा हवा असेल तर ट्युनिशियात शोधा, तिथे तो घरोघरी शुभ. साळिंदराचा खरा पंजा चांदीत मढवून अंगावर दूध येण्यासाठी बाळंतिणी वापरत. आपल्याकडचं बाळाच्या गळ्यातलं वाघनख आठवलं. मात्र खरे पंजे, नखं, दात विकत घेऊ नका. कस्टममध्ये अडकाल, आणि त्यापायी जनावरंही मरतात.

दुसऱ्या एका पर्यटनाच्या गावात मी घाईत एक कासव घेतलं होतं. घरी ओल्या फडक्याने पुसलं तर हिरवा रंग फडक्यावर! तो मिना नव्हताच, नुसता रंग होता. म्हणून सांगते, आधी मागची बाजू बघा. जुन्या दागिन्याची टाचणी आणि कडी घासून गुळगुळीत झालेली असते. एकटं कासव दिसलं तर जोडी कुठे गेली ते विचारा. वजन करून घ्या आणि ग्रॅमचा भाव आधी ठरवा. लोहचुंबकावर विसंबू नका, जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदी नसलेला पण तशीच दिसणारी मिश्रधातू, तीही त्याला चिकटत नाही. दिरहम रोख जवळ ठेवा. शुक्रवारी दुपारी बरीच दुकानं बंद असतात, तेव्हा सकाळीच जा.

दक्षिणेतले पुष्कळ जुने कारागीर ज्यू होते. १९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले. त्यामुळे जुनं काम नीट बघायचं तर खरेदीआधी माराकेशच्या माजोरेल बागेतलं बर्बर संग्रहालय गाठा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा. मी ते शेवटी पाहिलं, आणि तिझनितला परत जावंसं वाटलं.