चाक थांबलं, आकडा फिरत राहिला

संध्याकाळचे सात वाजत आले होते. आयनांना वेग देणाऱ्या टँडम यंत्राच्या कंट्रोल रूममधल्या पॅनेलवर टार्गेटच्या चाकाचे मिनिटाला 300 फेरे दिसत होते आणि शेजारच्या ऑसिलोस्कोपवर बीमच्या, म्हणजे आयनांच्या झोताच्या, प्रवाहाची 40 हर्ट्झची दातेरी रेघ एकाएकी सपाट झाली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. ऑपरेटर म्हणाला, "अहो, चाक फिरतंय ना?" तेवढ्यात रेघ 300 नॅनोअँपिअरवरून 250 वर उतरली. चाकावरचं टार्गेटचं फॉइल गेलं होतं.

टँडम यंत्रात ऋण आयन मधल्या उच्च व्होल्टेजच्या टर्मिनलपर्यंत ओढले जातात, तिथे कार्बनच्या पातळ फॉइलमधून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन सुटतात आणि धन झालेले आयन त्याच व्होल्टेजवर पुन्हा ढकलले जातात. टर्मिनल 11 मेगाव्होल्टवर असेल तर 5+ (पाच इलेक्ट्रॉन सुटलेल्या) कार्बनला सहापट (एकपट आत येताना, पाचपट बाहेर पडताना), म्हणजे 66 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जा मिळते. त्या दिवशी बीम हाच होता, 250 नॅनोअँपिअर. बीम ज्यावर मारायचा ते टार्गेट बिस्मथचं होतं, चौरस सेंटिमीटरला अर्धा मिलिग्रॅम, मागे 30 मायक्रोग्रॅमचा कार्बनचा आधार. अशा टार्गेटमध्ये बीम जेमतेम 25 मिलिवॉट सोडतो. आकडा हास्यास्पद वाटतो, पण ही उष्णता 3 मिलिमीटरच्या ठिपक्यात पडते आणि फॉइलचं वस्तुमान नगण्य असतं. तापमान सेकंदाला साधारण साडेचार हजार अंशांच्या वेगानं चढायला लागतं. बिस्मथ 271 अंशांना वितळतं. स्थिर फॉइल त्यामुळे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत-बाहेर संपतं.

म्हणून फिरतं चाक. फॉइल 30 मिलिमीटर त्रिज्येवर, आठ खिडक्या, मध्ये 4 मिलिमीटरचे आरे. सेकंदाला पाच फेऱ्यांत हे आरे बीम 40 वेळा तोडतात, तीच ती दातेरी रेघ. मिनिटाला 300 फेऱ्यांनी एक जागा बीमखाली सुमारे 3 मिलिसेकंद राहते आणि 14 अंशांनी तापते. 60 फेऱ्यांवर हीच वाढ 70 च्या पुढे जाते. आऱ्यांची किंमत मात्र मोजावी लागते. ठिपक्याची रुंदी धरली तर जवळजवळ 30 टक्के वेळ बीमचा काही ना काही भाग ॲल्युमिनियमवर असतो. त्या वेळेत डेटा घेणं बंद ठेवायला व्हेटो (रोखणारा सिग्नल) लागतो. शिवाय आऱ्यांत बीम पूर्ण थांबतो, म्हणजे चाकाला सरासरी अर्ध्या वॉटच्या वर उष्णता मिळते आणि निर्वातात ती बाहेर टाकायला उत्सर्जन सोडून फारसा मार्ग नसतो. चकचकीत ॲल्युमिनियमचं चाक हिशोबानं 90 अंशांच्या आसपास जातं, काळं ॲनोडाइज केलेलं 40 च्या आत राहतं. ॲनोडाइज थर ओलावा धरून ठेवतो, पंपिंग लांबतं. तो त्रास परवडला.

दुपारी सुरुवात रीतसर झाली होती. क्वार्ट्‌झवर 5 नॅनोअँपिअरच्या बीमचा चमकणारा ठिपका कॅमेऱ्यात पाहिला, मग चाक फिरवलं. पहिल्या खेपेला एकाच खिडकीत बिस्मथ, बाकी सातात ॲल्युमिनियमची फॉइल. चाकामागच्या फॅरेडे कपला (बीमचा प्रवाह मोजणारा धातूचा कप) सप्रेशन, म्हणजे इलेक्ट्रॉन आत परतवणारं व्होल्टेज, 200 व्होल्ट ऋण दिलेलं. ते नसेल तर दुय्यम इलेक्ट्रॉन निसटतात आणि आकडा फुगतो. बीम 250 चा असताना त्या कपात 300 दिसतं तेव्हा नवख्याला सप्रेशन बिघडलं असं वाटतं. खरं कारण असं की फॉइलमधून निघालेला कार्बन जवळजवळ सगळा 6+ होतो, म्हणजे प्रत्येक आयनाचा भार पाचाऐवजी सहा. याच कारणानं 300 चं 250 झालं की समजायचं, बीमच्या वाटेत आता फॉइल नाही.

संध्याकाळी फॉइल गेल्यावर ऑपरेटरनं चाकाच्या आधीचा, बीम अडवणारा कप वाटेत टाकला. तो हवेच्या दाबावर सरकतो, अर्धा सेकंद घेतो. अर्ध्या सेकंदात फॉइल पाच वेळा संपलं असतं.

कोरडा नायट्रोजन सोडून, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सर्व्हे मीटरनं तपासून चेंबर उघडला. बिस्मथच्या खिडकीच्या मध्यावर भोक, त्याच्या कडेनं टाचणीच्या टोकाएवढे चकचकीत मणी. चाक हातानं ढकललं तर अडखळत फिरलं. मोटर निर्वाताबाहेर होती आणि शाफ्ट फेरोफ्लुइड सीलमधून (चुंबकीय द्रवानं हवा अडवणाऱ्या) आत येत होता. पुढे दोन्ही जोडणारं कपलिंग, मग चाकाचा अक्ष. कपलिंगचा ग्रब स्क्रू (शाफ्टवर दाबून बसणारा बिनडोक्याचा स्क्रू) गोल शाफ्टवर घसरत राहिला होता, तिथे नवीन चांदीसारखी रिंग उमटली होती. फेरे मोजणारा सेन्सर मोटरच्या बाजूला, कारण तिथे वायर सोपी. त्यानं इमानानं मोटरचे फेरे मोजले.

बेअरिंग का अडलं, हा भाग खास मुंबईचा. त्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं कोरडं वंगण होतं. निर्वातात ते उत्तम चालतं, दमट हवेत त्याचं घर्षण वाढतं आणि थर झिजतो. आम्ही जुलैच्या ओल्या हवेत, टेबलावर, उघड्यावर दोन दिवस चाक फिरवून "चाचणी" घेतली होती. म्हणजे चाचणीनंच बेअरिंग खाल्लं.

दुरुस्तीत बेअरिंग नवीन, आणि ते फक्त कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा निर्वातात फिरवायचं. शाफ्टवर सपाट बाजू घासून आरपार पिन बसवली, ग्रब स्क्रू फक्त सोबतीला. चाकाच्या कडेवरच 24 खाचा पाडल्या. प्रकाश चेंबरच्या समोरासमोरच्या दोन काचांमधून जातो, कारण आत ठेवलेला फोटोट्रान्झिस्टर न्यूट्रॉन खाऊन हळूहळू मंद होतो. 300 फेऱ्यांवर खाच दर 8.3 मिलिसेकंदाला येते. सलग दोन चुकल्या की बीम तोडायचा, पण कपनं नव्हे. इंजेक्टरच्या (यंत्रात आयन सोडणाऱ्या भागाच्या) बाजूला, जिथे बीमची ऊर्जा अजून कमी असते, तिथल्या विद्युत पट्ट्यांवर व्होल्टेज देऊन तो वळवायचा. एकूण 17 मिलिसेकंद धरले तर फॉइल 75-80 अंशांनी तापतं. वितळायला अजून बरीच वाट असते.

पुढची चाचणी आठही खिडक्यांत ॲल्युमिनियम लावून घेतली. कपलिंगची पिन मुद्दाम काढून ग्रब स्क्रू सैल केला, 20 नॅनोअँपिअरचा बीम घेतला आणि चाकाला मंद होऊ दिलं. मोटरचं पॅनेल 300 च दाखवत राहिलं. कपमधला बीम मात्र शून्यावर गेला होता.