खांद्यावरचं शिंग

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी नळाच्या तोट्या, गंजकी कुलपं आणि जोडी हरवलेले बूट यांच्या गर्दीत मला एक पुस्तक दिसलं. इंग्रजी, प्राण्यांचं, पानोपानी चित्रं. पुठ्ठा नाही, पहिली दहाबारा पानं नाहीत. म्हणजे नाव, गाव, साल काहीच नाही. विक्रेत्याने दोनशे सांगितले, मी ऐंशी म्हणालो. "काका, नुसता वाघच शंभराचा आहे," तो म्हणाला. शेवटी एकशेवीसवर तुटलं. वाघ खरंच शंभराचा होता. कुणा पोराने त्याला पेन्सिलीने चष्मा काढला होता.

तिथून हा नाद लागला. आता कपाटाचा एक खण त्याला दिलाय. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात कसर, बारा महिने डांबराच्या गोळ्यांचा वास. घरात त्या खणाला 'पांजरपोळ' म्हणतात.

खरी मोठी पुस्तकं माझ्या वाट्याला येणार नाहीत, हे मी केव्हाच मान्य केलंय. चित्रकार ऑडुबॉनचं अमेरिकेतल्या पक्ष्यांचं पुस्तक 1827 ते 1838 या काळात निघालं. 435 चित्रं, पान सव्वातीन फूट उंच, आणि प्रत्येक पक्षी खऱ्या मापाचा असा हट्ट. एवढ्या पानातही फ्लेमिंगो मावेना, म्हणून त्याला मान खाली घालून उभा केलाय. लोकलच्या दारात उभ्या असलेल्या उंच माणसासारखा. ते पुस्तक ठेवायचं तर आमचं डायनिंग टेबल बाहेर काढावं लागेल.

पण मला खरी गोडी लागली ती चुकलेल्या चित्रांची. त्यांचा राजा म्हणजे जर्मन चित्रकार ड्यूररचा गेंडा. हा गेंडा आपल्याच बाजूचा. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याच्याकडे पोर्तुगीजांनी दीवला किल्ला बांधायची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही, गेंडा दिला. (नकार द्यायची ही पद्धत मला फार आवडते.) गोव्यात पोर्तुगीजांचा गव्हर्नर आल्बुकर्क, त्याला तरी त्याचं काय करायचं होतं? त्याने तो पोर्तुगालच्या राजाकडे पाठवून दिला, आणि मे 1515 मध्ये गेंडा लिस्बनला उतरला. तिथले लोक त्याला 'गांडा' म्हणत. आपला गेंडाच तो, बोटीतून जाताना थोडा हेलकावलेला.

न्यूरेंबर्गमध्ये बसलेल्या ड्यूररने तो जन्मात पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन, एवढ्यावर त्याने लाकडी ठशाचं चित्र केलं. कातडीच्या घड्यांचं चिलखत झालं, पायांवर खवले आले, आणि खांद्यावर एक जादा पिळाचं शिंग उगवलं. हेच चित्र निसर्गअभ्यासक गेसनरच्या प्राण्यांवरच्या ग्रंथात गेलं, तिथून आणखी कुठे कुठे, आणि दोनशे वर्षांहून जास्त काळ युरोपात गेंडा म्हणजे हाच. खरा गेंडा तोवर केव्हाच बुडाला होता. राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि 1516 च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं. साखळदंडाने बांधलेला, पोहणार कसा?

लाकडावर चित्रं कोरणारा इंग्रज थॉमस ब्युइक, त्याचंही तसंच. त्याचं चतुष्पादांचं पुस्तक 1790 चं. बॉक्सवुडच्या आडव्या कापावर बारीक पोलादी कोरणीने कोरलेली चित्रं. गावातली कुत्री, बैल, घोडे असे की आत्ता शेपूट हलेल. पण लांबच्या मुलखातली, दुसऱ्याच्या चित्रावरून उतरवलेली जनावरं फोटोग्राफरने 'हलू नका' म्हटल्यासारखी उभी. कोण डोळ्यांनी पाहिलेलं आणि कोण कानांनी, ते पान उलटताच कळतं. हल्लीच्या चकचकीत पुस्तकांत सगळेच प्राणी बिनचूक. त्यामुळे चित्रकार सापडत नाही.

माझ्या अनामिक पुस्तकातला गेंडा मी फार आशेने उघडला होता. एकच शिंग, योग्य जागी. वाईट वाटलं. सिंहाने मात्र भरपाई केली, त्याचा चेहरा थेट निवृत्त मामलेदाराचा आहे.

या छंदाचे खरे शत्रू कसर-वाळवी नव्हेत, ब्लेडवाले. पुस्तक अखंड विकण्यापेक्षा एकेक चित्र कापून, फ्रेम करून विकलं की पैसे जास्त. माझ्या पुस्तकातही 212 नंतर थेट 217 येतं. 212 च्या तळाशी उंटाचं वर्णन अर्ध्या वाक्यात तुटलंय आणि 217 वर लामा उभा आहे. कडेला कापल्याची सरळ रेघ स्पष्ट दिसते.

गेल्या महिन्यात दाढ दुखत होती. दातांच्या दवाखान्यात बाकासमोर भिंतीवर एक उंट. तोच पिवळट कागद, तेच तांबूस ठिपके, तीच बारीक आडवी छटा. पानाचा आकडा फ्रेमच्या पांढऱ्या पट्टीखाली गेलेला. दाढ विसरलो. माझं नाव पुकारलं तेव्हा मी चपला काढून बाकावर चढलो होतो आणि फ्रेमचा खालचा कोपरा नखाने उचकटून आत डोकावत होतो.