शून्य रुपयाचं तिकीट आणि काढून टाकलेला दावा

दिवाळीनंतर कोर्ट उघडलं त्या आठवड्यातली गोष्ट. तात्या (नाव देत नाही, पक्षकार आहेत माझे) पुतण्याला घेऊन ऑफिसात आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, बाई, अपील टाका. बांधाचा दावा, निरंतर मनाईचा, त्यात ताकीद (म्हणजे निकाल लागेपर्यंत शेजाऱ्याला मनाई करणारा हुकूम) मिळालेली होती, आणि आता शेजाऱ्याने जेसीबी आणून बांध कोरायला घेतला होता. पोलीस स्टेशनला गेले तर तिथे सांगितलं की तुमचा स्टे संपलाय, दावाच राहिला नाही. पुतण्याने मोबाईलवर ई-कोर्ट्सचं ॲप उघडून दाखवलं, खाली डिसमिस इन डिफॉल्ट, म्हणजे गैरहजेरीमुळे दावा काढून टाकलेला, तारीख जुलैची.

तात्यांच्या पिशवीत आणखी एक कागद होता, कुणीतरी लिहून दिलेला नवीन दाव्याचा मसुदा, कोर्ट फी स्टॅम्पसुद्धा घेऊन ठेवलेला. मी म्हटलं हे आधी बाजूला ठेवा, मला रोजनामा (कोर्टात त्या-त्या तारखेला काय झालं त्याची नोंद) बघू दे. आमच्याकडे दावा गेला म्हटलं की लोक एकतर अपील म्हणतात नाहीतर नवीन ठोका म्हणतात आणि दोन्ही बऱ्याचदा चूक असतं. डिफॉल्टमध्ये दावा काढण्याचा हुकूम म्हणजे डिक्री (हक्कांचा निकाल) नाही, सिव्हिल प्रोसिजर कोडच्या (दिवाणी दावे कसे चालवायचे त्या कायद्याच्या) कलम 2(2) मध्येच तो वगळलाय, त्यामुळे सरळ अपील बसत नाही. आणि नवीन दावा टाकता येतो का हे त्या दिवशी प्रतिवादी हजर होता की नव्हता यावर ठरतं. दोघंही गैरहजर असतील तर त्याच कोडचा ऑर्डर 9 रूल 3, मग रूल 4 खाली नवीन दावा पण चालतो (मुदतीत असेल तर) किंवा तोच परत बोर्डावर (कोर्टाच्या कामाच्या यादीवर) घ्या असा अर्ज पण चालतो. पण प्रतिवादी हजर आणि वादी गायब असेल तर रूल 8, आणि मग रूल 9 म्हणतो त्याच कारणावर नवीन दावा नाही, फक्त रिस्टोरेशन, म्हणजे तोच दावा पूर्ववत करून घेणं. मधल्या तारखेला गैरहजर राहिलात तरी ऑर्डर 17 रूल 2 मधून गाडी इथेच येते.

नक्कल अर्ज टाकून रोजनामा काढला. 'वादी व वादीचे वकील पुकारता गैरहजर, प्रतिवादीचे वकील हजर, वादीतर्फे पुरावा नाही.' म्हणजे रूल 8, तो मसुदा आणि स्टॅम्प दोन्ही बिनकामाचे.

मी तात्यांना विचारलं, का आला नाहीत तारखेला? तर म्हातारा चिडलाच. "मी तर आलतो की बाई, दिवसभर दारात बसून व्हतो, शिपाई म्हणला आज नाव नाही बोर्डावर." मला आधी वाटलं सगळेच असं म्हणतात. पण मागचा रोजनामा वाचला तर त्याच्या आधीच्या तारखेला दावा दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग झालेला, आणि त्यांचे आधीचे वकील तेव्हा बायपास होऊन हॉस्पिटलात. सांगणार कोण? तात्या जुन्याच कोर्टाच्या दारात बसले आणि पलीकडच्या हॉलमध्ये पुकारा होऊन दावा उडाला.

पुरावा काय म्हणून विचारलं तर त्यांनी खिशातली डायरी काढली, रबर लावलेली, आणि त्यात एसटीची तिकिटं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे पण कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतोच, आणि त्यावर तारीख असते. जुलैच्या त्याच तारखेचं तिकीट निघालं. शाई उडत चालली होती म्हणून मी पहिल्यांदा झेरॉक्स काढायला पळाले!

मग रूल 9 चा अर्ज, सोबत विलंब माफीचा, कारण लिमिटेशन ॲक्टच्या (मुदतीच्या कायद्याच्या) आर्टिकल 122 प्रमाणे 30 दिवस मिळतात आणि ते डिसमिसलच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही. कळायला उशीर का झाला हे कलम 5 खाली शपथपत्रावर सांगावं लागतं. वकिलांच्या डिस्चार्ज कार्डची प्रत त्यांच्या मुलाने स्वतः आणून दिली. आणि जेसीबी उभा होता म्हणून अर्ज निकाली निघेपर्यंत जैसे थे ठेवा अशी पण विनंती केली, ती मिळाली.

समोरच्या वकिलांनी म्हणणं दिलं की पक्षकाराने स्वतः चौकशी करायला पाहिजे होती. जजसाहेबांनी तिकिटाची झेरॉक्स हातात घेतली, मूळ मागितलं, तात्यांनी डायरी उघडून पुढे केली. साहेब म्हणाले, हा माणूस कोर्टात होता, फक्त चुकीच्या दारात. एक हजार रुपये कॉस्टवर (खर्चापोटी भरायच्या रकमेवर) दोन्ही अर्ज मंजूर. तात्यांना कॉस्टचा राग आलाय अजून, चूक माझी न्हाई मग पैशे मी का द्यायचे म्हणतात. मला विचाराल तर त्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण हजार रुपयासाठी मी भांडत बसले नाही, आठवड्याच्या आत भरून पावती लावली, कारण कॉस्ट थकली तर अर्ज गेल्यात जमा.

ताकीदसुद्धा परत जिवंत झाली. सुप्रीम कोर्टाने 2004 मध्ये वरीद जेकब केसमध्ये सांगितलंय की दावा पूर्ववत झाला की मधले हुकूमही पूर्ववत होतात, आदेशात उलट लिहिलं नसेल तर. तरी मी साहेबांकडून ते वाक्य आदेशात लिहूनच घेतलं, पोलीस स्टेशनला जजमेंट कोण वाचतंय. समोरचे आता हायकोर्टात जाऊ म्हणतायत. अर्ज नामंजूर झाला असता तर आम्हाला ऑर्डर 43 रूल 1(सी) खाली अपील होतं, पण मंजुरीवर त्यांना ते नाही, रिटच टाकावी लागेल. टाकू देत. तोवर तात्यांचं सरतपासाचं (त्यांच्या स्वतःच्या साक्षीचं) शपथपत्र मी दाखल करून टाकलंय, आणि नवीन कोर्टाचा हॉल पुतण्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवलाय.