कोरलची सवय आणि इंकस्केपचे शॉर्टकट

गोव्यातील डिचोली-साखळी परिसरातील जत्रा, काले आणि भजनी सप्ताह यांच्या पत्रिका, तसेच नाटकांची हस्तपत्रके मी अनेक वर्षे कोरलड्रॉ या रेखांकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. नव्या परवान्याचा खर्च झेपेना, म्हणून मी २००३ पासून विकसित होत आलेल्या इंकस्केप या त्याच कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरकडे वळले. मांडणी आणि रंगकाम लवकर जमले. बोटांची सवय मात्र काही केल्या सुटेना.

सर्वांत त्रास दिला तो कंट्रोल+क्यू या जोडीने. छापखान्यात फाइल पाठवण्यापूर्वी मजकूर कर्व्ह करावाच लागतो, म्हणजे अक्षरांचे रेषांच्या आकारांत रूपांतर करावे लागते, कारण तिथल्या संगणकावर आपला फाँट नसला की ‘श्री’, ‘द्वितीय’ यांसारखी जोडाक्षरे फुटतात आणि वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात. कोरलमध्ये हे काम कंट्रोल+क्यूने होते. इंकस्केपमध्ये त्याच कळांनी प्रोग्रामच बंद होतो. काम जतन करायचे का, असे तो आधी विचारतो हे खरे, परंतु जत्रांच्या हंगामात पत्रकामागून पत्रक हातावेगळे करताना ती चौकट पुन्हा पुन्हा समोर येणे सहन होत नाही.

म्हणून ‘एडिट’ मेनूतील ‘प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन ‘इंटरफेस’खालचे ‘कीबोर्ड’ हे पान उघडले. तिथे कोरलड्रॉच्या धर्तीचा तयार संचही मिळतो. मी तो घेतला नाही. सगळाच संच बदलला असता, तर इंकस्केपच्या मार्गदर्शिकेत दिलेल्या कळा माझ्यापुरत्या निरुपयोगी ठरल्या असत्या. हात जिथे अडतो तेवढेच बदलावे, असे ठरवले. ‘क्विट’समोरचा शॉर्टकट काढून टाकला, शोधचौकटीतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ (इंकस्केपमधली कर्व्ह करण्याची आज्ञा) काढले आणि त्याला कंट्रोल+क्यू दिला. बंद करायला विंडोजवर ऑल्ट+एफ४ आहेच. तरीही कर्व्ह करण्यापूर्वी मूळ मजकुराची प्रत वेगळ्या नावाने ठेवते, कारण आयत्या वेळी कलाकाराचे नाव बदलले नाही असे नाटक आमच्याकडे विरळाच.

दुसरी अडचण देवनागरीची. इंकस्केपमध्ये निवडीच्या साधनासाठी एस, नोडसाठी (आकाराच्या रेषेवरचे बिंदू हलवण्यासाठी) एन, आयतासाठी आर अशा एकअक्षरी कळा आहेत. पण मजकूर लिहीत असताना त्या दाबल्या, तर ते अक्षरच कागदावर उमटते, आणि इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक चालू असेल तर एनच्या जागी ‘ल’ येतो. निवड आणि नोड यांच्याच एफ१ आणि एफ२ या पर्यायी कळांना ही बाधा नाही. कर्सर मजकुरात असतानाही एफ१ दाबला की निवडीचे साधन हाती येते, मग कळफलक कोणताही असो. त्यामुळे एकअक्षरी कळा आहेत तशा ठेवून माझ्या नेहमीच्या आज्ञा मी एफच्या ओळीत आणल्या. कोरलमध्ये एफ४ने सगळे चित्र पडद्यावर मावते, इंकस्केपमध्ये तेच काम ४ हा आकडा करतो आणि एफ४ आयत काढतो. आयताला आर पुरेसा असल्याने एफ४ मी चित्र मावण्यासाठी वळवला. तारीख-वेळ टंकताना मधेच नवा ४ उमटण्याची धास्तीही गेली.

हे सारे बदल वापरकर्त्याच्या ‘कीज’ फोल्डरमधील ‘डीफॉल्ट.एक्सएमएल’ या एका फाइलमध्ये साठतात. दुसऱ्या संगणकावर इंकस्केप घातल्यावर तीच फाइल तिथल्या ‘कीज’ फोल्डरमध्ये ठेवली आणि प्रोग्राम पुन्हा उघडला, तर एकही कळ नव्याने बसवावी लागली नाही.