सेंट ल्यूक्समध्ये बसायचं कुठे?

लंडनच्या ओल्ड स्ट्रीटवरच्या सेंट ल्यूक्स या जुन्या चर्चमधल्या मैफलीच्या सभागृहात शिरलं की आधी नजर जाते ती चार पोलादी खांबांवर. खाली जाड नळ्या, वर झाडासारखे फुटलेले फाटे आणि त्या फाट्यांवर तोललेलं नवं छत. चारही बाजूंच्या भिंती मात्र १७३३ साली पुऱ्या झालेल्या चर्चच्या. छताचा भार या भिंतींवर टाकायची सोय नव्हती, कारण हे चर्च बंद पडलं तेच मुळी जमीन खचल्यामुळे. १९५९ साली दारं लागली, धोका नको म्हणून छप्पर उतरवलं गेलं आणि पुढची चाळीसेक वर्षं नुसत्या भिंती पावसात उभ्या होत्या. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ही वास्तू हाती घेतली, लेव्हिट बर्नस्टीन या वास्तुरचनाकारांनी आत नवा गाभा बसवला आणि २००३ साली इथे संगीत सुरू झालं. त्याआधी तळघरातल्या आणि आवारातल्या १,०५३ दफनांची नोंद करून ते अवशेष ब्रुकवुडच्या दफनभूमीत हलवावे लागले. आज त्याच तळघरात सरावाच्या खोल्या आहेत.

इतका इतिहास सांगायचं कारण म्हणजे इथला आवाज. जुन्या चर्चमध्ये गाणं ऐकायला जाताना बहुतेकांच्या मनात एकच अपेक्षा असते: दगडी भिंती, उंच छत, म्हणजे सूर छान घुमणार. घुमतो खरा, पण किती घुमावा याला मर्यादा आहे. दगड आणि गिलावा आवाज जवळपास शोषतच नाहीत, त्यामुळे मोठ्या दगडी चर्चमध्ये एक सूर विरायला चार ते आठ सेकंद सहज लागतात. संथ समूहगायनाला ते शोभतं. चौघांच्या व्हायोलिन-चेलो चमूला दीड सेकंदाच्या आसपासचा घुमारा लागतो, आणि निवेदन नीट कळायला तर एका सेकंदाच्या आतला.

हिशेब साधा आहे. खोलीचं घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (चौरस मीटरमध्ये, म्हणजे सगळा आवाज गिळणारी जागा किती), की घुमाऱ्याचे सेकंद मिळतात. वीस मीटर लांब, सोळा रुंद आणि साडेबारा उंच असं सभागृह धरा: ४,००० घनमीटर. रिकामं असताना शोषण १६० असेल, तर घुमारा चार सेकंद. एक बसलेला माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषण देतो. तीनशे माणसं आली की त्यात १५० ची भर पडते आणि घुमारा दोन सेकंदांवर येतो. त्यात भिंतींवरून २०० चौरस मीटर जाड पडदे सोडले, ते अर्धा आवाज शोषतात असं धरलं, तर आणखी १०० मिळतात आणि आपण दीड सेकंदाच्या जरा वर पोहोचतो. सेंट ल्यूक्ससारख्या सभागृहात पडदे कमी-जास्त करायची सोय लागते ती याचसाठी. ऐंशी-नव्वद वादकांची तालीम आणि एकट्या ल्यूट या तंतुवाद्याचं वादन एकाच पडद्यांत होत नाही. पहिल्याला पडदे खाली हवेत, नाहीतर एवढ्याशा जागेत कान बधिर होतात. दुसऱ्याला ते वर हवेत, नाहीतर तार कोरडी वाटते.

पडद्यांचं एक दुखणं आहे आणि ते पुष्कळ ठिकाणी दिसतं. कापड भिंतीला चिकटून लावलं तर फक्त वरचे सूर गिळतं. १०० हर्ट्झच्या खर्जाच्या लाटेची लांबी जवळपास साडेतीन मीटर असते. दोन-तीन मिलिमीटरचं कापड तिला अडवू शकत नाही. मग वरचा आवाज मंद आणि खालचा गडगडता, असं विचित्र मिश्रण होतं. पडदा भिंतीपासून वीस-तीस सेंटिमीटर सोडून, भरपूर चुण्या देऊन टांगला तर फरक पडतो, तरी अगदी खालचा खर्ज उरतोच.

आता मूळ प्रश्न, बसायचं कुठे. वरच्या उदाहरणातल्या सभागृहात, पडदे सोडलेले असताना, वादकापासून साधारण तीन मीटरच्या पुढे थेट आवाजापेक्षा खोलीने परतवलेला आवाज जास्त असतो. म्हणजे पहिल्या रांगेत तुम्ही वाद्य ऐकता, सातव्या-आठव्या रांगेत वाद्य आणि वास्तू दोन्ही. तंतुवाद्यांच्या मैफलीला मधला भाग उत्तम. पियानोला डावीकडे बसलात तर वादकाचे हात दिसतात. झाकण उजव्या अंगाने उघडं असतं, त्यामुळे आवाज मध्यापासून उजवीकडे जास्त भरीव लागतो. दोन्हींतलं काय हवं ते ठरवून जा. सज्जाच्या पुढच्या रांगेत ऐकणं फार समाधानाचं असतं, पण सज्जाच्या खाली, अगदी मागे बसणं टाळा: छतावरून उतरणारा आवाज तिथे पोहोचत नाही, नुसता समोरून येतो. आणि ते चार खांब! तिकीट काढताना आराखडा उघडून पाहा. खर्ज खांबाला वळसा घालून येतो, पण व्हायोलिनची धार खांबामागे बोथट होते आणि दिसायचंही राहून जातं. आसनं हलवता येणारी असल्यामुळे मांडणी दर कार्यक्रमाला बदलू शकते; मागच्या वेळची जागा डोळे मिटून पुन्हा घेऊ नका.

आपलं शास्त्रीय संगीत अशा वास्तूत ठेवणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितो, कारण परदेशातली आपली मंडळं जुनी चर्च भाड्याने घेतात आणि बऱ्याचदा तबल्यापाशी अडतात. आलापाला हा घुमारा अमृतासारखा. तंबोऱ्याची आस लांबते, षड्ज लागला की भिंतीसुद्धा साथ धरतात. द्रुत तीनतालात मात्र मिनिटाला २४० मात्रा आणि मात्रेला दोन बोल धरले, तर दर १२५ मिलिसेकंदांना एक बोल पडतो. घुमारा दोन सेकंदांचा असेल, तर एक बोल पूर्ण विरेपर्यंत पुढचे सोळा वाजून गेलेले असतात. चाटीचा बोल त्यातूनही कानाला टोचतो. डग्ग्याची मींड मात्र चिखलात रुतते. अशा वेळी आवाज वाढवणं ही हमखास होणारी चूक. वाढतो तो घुमाराच. स्पीकर लहान ठेवा, श्रोत्यांच्या जवळ आणि त्यांच्याकडे कललेले, भिंतींकडे तोंड नको. डग्ग्याच्या माइकवर १०० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवा. रिकाम्या सभागृहात केलेली ध्वनिचाचणी फसवी असते, कारण तेव्हा चार सेकंद असतात आणि मैफलीत दोन. म्हणून मिक्सरवरचा माणूस पहिल्या बड्या ख्यालभर जागेवरून हलू देऊ नका.

जुन्या गोव्यात मोंतच्या चॅपेलमध्ये हाच अनुभव घरच्या मातीत घेता येतो. फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेने जपलेली ती वास्तू आहे. तिथल्या महोत्सवात पाश्चात्त्य आणि भारतीय दोन्ही संगीत होतं, काही बाहेर, सूर्य मांडवीकडे कलताना, आणि काही आत. एकाच संध्याकाळी दोन्ही ऐकलं की भिंती काय करतात ते लगेच कळतं.

सेंट ल्यूक्सला जायला ओल्ड स्ट्रीट स्टेशनवरून पश्चिमेकडे पाचेक मिनिटं चालायचं. सभागृहात जागा साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ओळखीचा कार्यक्रम असेल तर तिकिटं लवकर संपतात. काही शुक्रवारी दुपारी ऑर्केस्ट्राच्या वादकांची पाऊण तासाची विनामूल्य मैफल असते आणि तिथे लहान मुलांनाही मज्जाव नसतो; पहिल्यांदा जाणाऱ्याने तीच निवडावी. रेडिओसाठी ध्वनिमुद्रण असेल त्या दिवशी उशिरा आलेल्याला मध्येच आत सोडत नाहीत. खोकल्याची गोळी घरीच वेष्टणातून काढून रुमालात ठेवा. शांत जागी प्लास्टिकची ती करकर शेवटच्या रांगेपर्यंत जाते, कारण वास्तू वादकाचा आवाज जसा उचलते तसाच तुमचाही.

दहा मिनिटं लवकर पोहोचलात तर बाहेर थांबा. वर खोबणीदार असा चौकोनी निमुळता दगडी स्तंभ आहे, वास्तुरचनाकार निकोलस हॉक्समूरच्या कल्पनेतला. चर्चवर असा मनोरा फारसा दिसत नाही. आवारात छपाईचे खिळे घडवणाऱ्या विल्यम कॅस्लनची कबर आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची पहिली छपाई त्याच्याच घडणीच्या खिळ्यांत झाली. आणि आत ऑर्गन का दिसत नाही असा प्रश्न पडला, तर त्याची १७३३ ची लाकडी पेटी बार्बिकनजवळच्या सेंट जाइल्स क्रिपलगेटमध्ये आहे. सेंट ल्यूक्सचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला भाग, त्याच सेंट जाइल्समधून वेगळा काढला होता. मैफलीनंतर तिकडे पायी जाता येतं.