आमची वाटचाल : वाई ते पोलादपूर, सायकलवर

आमच्या सहली सुरू झाल्या तेव्हा जाहिरातीत चढाचंच कौतुक असायचं. पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. आज कुणी फोनवर चौकशी केली की आम्ही आधी उताराबद्दल बोलतो. या बदलात आमची बरीचशी वाटचाल आली.

पहिल्या हंगामात सहल पुण्याहूनच निघायची. कात्रज, खंबाटकी, सुरूर फाट्याला वळून वाई. पसरणीच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ८५-९० किलोमीटर झालेले, त्यातले बरेचसे महामार्गावर ट्रकच्या कडेकडेने. डोंगर बघायला आलेला माणूस डोंगर लागायच्या आधीच दमलेला असायचा. म्हणून सायकली टेम्पोने वाईला न्यायला लागलो. आता सकाळी साडेसहाला घाट चढायला लागतो. वाई ते पाचगणी बारा किलोमीटरच्या आसपास आणि तेवढ्यात जवळपास ६०० मीटर चढ. ऊन तापायच्या आत माणसं वर पोचतात, धोम धरणाच्या पाण्यावरचं धुकं विरताना बघायला थांबतातही.

टेम्पोने नवी अडचण आणली. सायकल उजव्या कुशीवर आडवी टाकली की मागच्या डिरेलरचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, वाकतो. हा ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा असतो, फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम नरम ठेवलेला. दोन-तीन मिलिमीटरचा वाक डोळ्याला दिसत नाही, सपाटीवर गिअरही बरे पडतात. पण चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की डिरेलर पार आत सरकतो, आऱ्यांत अडकतो आणि मोडतो. म्हणजे हे व्हायचं ते ऐन घाटातच. आता पुढचं चाक काढून सायकली उभ्याच बांधतो, एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे, मधे जुन्या गोधड्या. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, त्यामुळे आमच्या मॉडेलचे दोन-दोन पेटीत असतात. स्वतःची सायकल आणणाऱ्याने तिचा हँगर सोबत आणावा, असं आधीच कळवतो. हायड्रॉलिक ब्रेक (तेलाच्या दाबाने चाकावरच्या डिस्कला, म्हणजे पातळ चकतीला, दोन पॅडांनी पकडणारा) असेल तर चाक काढल्याबरोबर पॅडांच्या मधे पुठ्ठ्याची घडी घालायची. प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पॅड जवळ येतात आणि मग डिस्क आत जात नाही.

गिअरचा हिशेब आम्हाला उशिरा जमला. सुरुवातीच्या सायकलींना मागे १४-२८ चं सात गिअरचं फ्रीव्हील (१४ ते २८ दात्यांच्या सात चकत्यांचा संच) आणि पुढची सर्वांत लहान चकती २८ दात्यांची. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एक फेरा. मिनिटाला ६० फेरे धरले तर वेग ताशी साडेसात किलोमीटर. सवय नसलेल्या माणसाला एवढा वेग घाटात तासभर टिकवणं जड जातं. फेरे चाळिसावर येतात, सगळा भार गुडघ्यांवर पडतो, पोटऱ्यांत गोळे येतात. १४-३४ चं फ्रीव्हील बसवल्यावर तेच ६० फेरे ताशी सहाच्या वेगाला जमायला लागले. त्यात २४ वरून एकदम ३४ अशी उडी आहे, झटका जाणवतो, तरी गुडघ्यांसाठी तो चालतो. फ्रीव्हील बदललं की चेन मोजायलाच हवी. पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून, डिरेलरमधून न घेता ती गुंडाळायची आणि वर दोन कड्या ठेवायच्या. आखूड चेन ठेवून चुकून मोठ्यावर मोठा गिअर पडला तर डिरेलर ओढला जाऊन तुटतो.

दुसऱ्या दिवशीचा आंबेनळी घाट मात्र आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेला. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर, पोलादपूर कोकणात खाली, मधे ४० किलोमीटर. माणूस, सायकल, सामान मिळून १०० किलो धरले तर एवढं उतरताना जी ऊर्जा जिरवावी लागते, तिच्यात जवळपास चार लिटर गार पाणी उकळेल. त्यातली वाऱ्यात किती जाते आणि ब्रेकमध्ये किती, हे चालवणाऱ्याच्या हातात असतं. घाबरलेला माणूस दोन्ही ब्रेक अर्धवट दाबून धरतो आणि सावकाश उतरतो. तेव्हा ती जवळजवळ सगळी ब्रेकमध्येच जाते. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर, रबर दाबणारा) असेल तर रिम तापते, ट्यूब फुटू शकते. शिवाय ब्रेकच्या रबरात खडी रुतून रिम कातरली जाते.

म्हणून सगळ्या सायकली डिस्क ब्रेकच्या केल्या, त्याही केबलवाल्या. पॅड झिजले की केबल ओढून रस्त्यावरच ब्रेक घट्ट करता येतो. पॅडचा थर अर्धा मिलिमीटर उरेपर्यंत चालतो म्हणतात. घाटाच्या आदल्या संध्याकाळी तो एक मिलिमीटरहून कमी दिसला तर आम्ही बदलतो. नवे पॅड थेट उतारावर नेत नाही. आधी सपाटीवर वेग घेऊन वीसेक वेळा जोरात ब्रेक दाबायचा, मग ते पकड घेतात. आणि चेनवर स्प्रे कधीच नाही. तेलाचा बारीक फवारा डिस्कवर बसला की पॅड वाया जातात. कडीकडीवर थेंब सोडायचा आणि फडक्याने पुसायचं.

निघण्याआधी अर्धा तास मोकळ्या जागेत सराव असतो. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच जोरात ब्रेक, वळणात हात सैल. पुढचा ब्रेक जास्त थांबवतो, पण त्याच्या भीतीने लोक नुसता मागचा दाबतात आणि मागचं चाक घसरतं. वाटेत दर पाच-सहा किलोमीटरला थांबा. वाडा कुंभरोशीला डिस्कवर पाण्याचा एक थेंब सोडून दाखवतो. चर्र आवाज आला की त्या माणसाने ब्रेक धरून ठेवला होता, हे त्याचं त्यालाच कळतं.

जून ते सप्टेंबर आंबेनळीची सहल ठेवत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, दरडी येतात; जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटातला रस्ताच खचला होता. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं. तेव्हा पकड वाढावी म्हणून टायरमधल्या हवेचा दाब पाच पीएसआयने उतरवतो.

सध्या तिसरी वाट बसवतो आहोत. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरायचं, लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून बामणोली, तिथून चढून कास आणि मग सातारा. कासला फुलांच्या दिवसांत शनिवार-रविवार टाळायचे आणि सायकली डांबरी रस्त्यावरच ठेवायच्या, हे ठरलेलं आहे. अडतं ते बामणोलीच्या चढावर, ५०० मीटरहून जास्त आहे. त्यासाठी पुढे ४२-३४-२४ दात्यांच्या तीन चकत्यांचा क्रँक (पेडल ज्याला जोडलेले असतात तो भाग) लावून बघतोय. स्वस्त क्रँकच्या चकत्या रिव्हेट केलेल्या असतात, त्यामुळे अख्खा क्रँक बदलावा लागतो आणि पुढचा डिरेलर खाली सरकवावा लागतो. आता ६० फेऱ्यांना ताशी सव्वापाच किलोमीटर पडतात. याहून हलका गिअर आम्ही लावणार नाही, कारण ताशी पाचच्या खाली सायकल डोलायला लागते.