बऱ्या झालेल्या मुलांच्या मागे का लागता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नकार्यात, लोकलमध्ये, ओपीडीच्या रांगेतसुद्धा हे विचारून झालंय: "लहानपणीचा कॅन्सर बरा झाला ना? मग इतक्या वर्षांनी फॉलोअपला बोलावून त्यांना आठवण कशाला करून देता?"

बरा झाला, पण कशानं? डॉक्सोरुबिसिन या कॅन्सरच्या औषधानं गाठी जातात आणि हृदयाचा स्नायूही दुबळा होऊ शकतो. ते कधीकधी दहा-वीस वर्षांनी कळतं. छातीला रेडिएशन घेतलेल्या मुलींना स्तनाचा कॅन्सर फार लवकर गाठू शकतो. २००६ साली अमेरिका-कॅनडातल्या, लहानपणीच्या कॅन्सरमधून वाचलेल्या १०,३९७ जणांचा अभ्यास आला. सरासरी वय सत्तावीसच्या आत, आणि ६२ टक्क्यांना एखादा तरी जुनाट आजार. मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळी ओपीडी चालते, ती उगाच नाही. आपली कितीतरी मुलं मुळात अशक्त, उशिरा पोचलेली. तिकडचे आकडे त्यांना चिकटवून भागत नाही.

एका बापाचं सांगते. मुलीला आठव्या वर्षी हॉजकिन्स, म्हणजे लसिका गाठींचा कॅन्सर. तेच डॉक्सोरुबिसिन, वर छातीला रेडिएशन. बाप दरवर्षी न चुकता आणायचा. मग एकदा एकटाच आला. "मॅडम, तिचं नाव तुमच्या रजिस्टरातून काढा. सोयरीक जमलीय."

मी म्हटलं, नाव राहू दे, पण दिवस राहण्याआधी एक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. बाळंतपणात हृदयावर ताण येतो. तो म्हणाला, "तिला आम्ही गाठींचा आजार एवढंच सांगितलंय."

मुलगी बावीस वर्षांची. हृदय तिचं, माहिती तिची. आमच्याकडे नंबर मात्र बापाचा. औषधं, डोस, तारखा, पुढे काय तपासायचं, सगळं लिहून कागद त्याच्या हातात दिला. त्यानं चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. तिला दिला का, माहीत नाही. पुढे तो नंबर लागेना. फाइलवर शेरा: संपर्क तुटला.

या कामात नवी असताना मी त्याला सरळ स्वार्थी म्हटलं असतं. पण उपचारांसाठी शेत विकून रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर झोपलेला माणूस तो. त्या सासरच्यांना तो ओळखत होता, मी नाही. तरी राग जात नाही. लग्न टिकलं आणि सातव्या महिन्यात धाप लागली तर तिथला डॉक्टर कुठल्या औषधाची शंका घेणार?

आणि हेही खरं, मला तिचा इको अभ्यासासाठीही हवा होता. जे येतात त्यांना एकतर त्रास होत असतो, नाहीतर गाडीभाडं परवडतं. जे येत नाहीत ते सुखात असतील किंवा गेले असतील. आमच्या कागदावर दोघं सारखेच. आमची प्रत्येक टक्केवारी आलेल्यांचीच.

आता आम्ही वयात येणाऱ्या मुलांना त्यांच्या आजाराचं नाव सांगतो, उपचारांची नोंद असलेलं कार्ड त्यांच्याच हाती देतो. त्यावरून एक आई भांडली आणि पुन्हा आलीच नाही. म्हणजे सांगितलं तरी फॉलोअप सुटतो. माझी सहकारी म्हणते, तेराव्या वर्षी सांगायलाच हवं. मी पंधरा म्हणते. पंधराच का, ते मात्र विचारू नका.